नारळ कुणाच्या नावानं फुटतो?

दिवाळीआधीच्या अभ्यासवर्गात दोघांचं वाजलं, ते बहुतेकांना ठाऊक आहे. एक म्हणाला, देव-भूत ही सगळी भटांची बनवाबनवी, माणूस शिकला की आपोआप गळून पडते. दुसरा एम.ए.ला आहे. तो म्हणाला, आता विज्ञानच सांगतंय की देवावरचा विश्वास माणसाच्या मेंदूत उत्क्रांतीनंच घातलाय, तुमच्या भाषणांनी तो जायचा नाही. पहिल्यानं त्याला फितूर म्हटलं, दुसऱ्यानं पहिल्याला अडाणी. चहा गार झाला. मी कोपऱ्यात गप्प बसलो होतो. मला दोघांचंही अर्धंअर्धं पटत होतं आणि दोघांचाही राग येत होता.

मग त्या एम.ए.वाल्यानंच मला पास्कल बॉयरच्या 'रिलिजन एक्सप्लेन्ड' ह्या २००१ सालच्या पुस्तकाची झेरॉक्स आणून दिली. म्हणाला, वाच, मग बोल. माझं इंग्रजी दहावीपर्यंतचं. डिक्शनरी मांडीवर घेऊन, कधी कँटीनच्या बाकावर, कधी रविवारी विहाराच्या पायरीवर, अडीच महिने लागले. त्या पुस्तकाचा धागा धरून आणखी काही मिळालं तेही वाचलं. हे त्याचं परीक्षण म्हणा, नाहीतर रिंगखात्यातल्या माणसाचं उलट उत्तर म्हणा.

आधी स्वतःची फजिती सांगतो, कारण तिच्याशिवाय पुस्तक कळलं नसतं. आमच्या सूतगिरणीत तिसऱ्या पाळीला एकदा रात्री तीनच्या सुमाराला लाईट गेली. रिंगखातं चालू असतं तेव्हा शेजारचा ओरडला तरी ऐकू येत नाही, आणि बंद पडलं की अशी शांतता पडते की अंगावर येते. त्या शांततेत कार्डिंगच्या बाजूनं पावलं वाजली. टक्. टक्. सावकाश. त्याच आठवड्यात आमच्या खात्यातले एक जुने तात्या वारले होते. गिरणीत नव्हे, घरीच, छातीच्या दुखण्यानं. पण ते चालायचे तसंच, एक पाय ओढत. दोस्तहो, बावीस प्रतिज्ञा पाठ असलेला मी, चैत्यभूमीला दरसाल जाणारा मी, चपला तिथंच टाकून गेटपर्यंत पळालो. वॉचमननं विचारलं काय झालं, तर म्हणालो, लघवीला आलो.

दुसऱ्या दिवशी मेंटेनन्सच्या माणसानं सांगितलं, ह्युमिडिफिकेशन बंद झालं की डक्टचा पत्रा गार होताना वाजतो. रोजच वाजतो, मशीनच्या आवाजात ऐकू येत नाही, एवढंच.

आता डार्विन. १८७१च्या 'डिसेंट ऑफ मॅन'मध्ये त्यानं आपल्या कुत्र्याची गोष्ट लिहिलीय. उन्हाचा दिवस, कुत्रं हिरवळीवर पडलेलं, थोड्या अंतरावर एक उघडी छत्री. मधूनच वाऱ्याची झुळूक यायची, छत्री हलायची आणि दरवेळी कुत्रं गुरगुरायचं. डार्विन म्हणतो, त्याच्या डोक्यात झटकन, नकळत, असं आलं असावं की दिसत नाही पण कुणीतरी जिवंत तिथं आहे, आणि आपल्या हद्दीत त्याचं काय काम? मी आणि डार्विनचं कुत्रं एका जातीचे निघालो. निदान ह्या पंगतीत तरी कुणी वेगळं बसवलं नाही.

डार्विनच्या मागून आलेल्यांनी हीच गोष्ट पुढं नेली. स्ट्युअर्ट गथ्री नावाच्या अभ्यासकानं १९९३ला ढगात चेहरे दिसण्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. जस्टिन बॅरेटनं २०००च्या सुमाराला ह्या सवयीला नावच दिलं. त्याचा अर्थ असा की 'कुणीतरी आहे' हे ओळखणारी मेंदूतली घंटा जरा जास्तच हलक्या हातानं वाजते. का वाजते? हिशेब साधा आहे. आपल्याकडं वेदांत्यांनी दोरी आणि साप हा दाखला घासून घासून गुळगुळीत केला, जग मिथ्या आहे हे सांगायला. तोच दाखला घ्या आणि शेतात रात्री पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाला विचारा. दोरीला साप समजला तर एक उडी वाया जाते. सापाला दोरी समजला तर माणूस जातो. लाखो वर्षं दोरीला साप समजणारे जगले, त्यांची पोरं झाली, ती पोरं म्हणजे आपण. घंटा फुकट वाजली तर तोटा थोडा, वाजली नाही तर सगळंच गेलं. म्हणून ती अशीच बसवली गेली. मात्र हेही सांगतो की ही घंटा मेंदूत अमुक जागी आहे असं कुणी बोट ठेवून दाखवलेलं नाही. तो पटण्यासारखा तर्क आहे, आणि तर्क म्हणूनच घ्यावा.

बॉयरचं मोठेपण असं की तो एवढ्यावर थांबत नाही. फुकट वाजलेली घंटा आपण विसरतो. उंदीर असेल म्हणतो, झोपतो. मग मला उंदीर न सुचता तात्याच का सुचले? बॉयर म्हणतो, मेंदूत एकच कारभारी नाही, बरेच आहेत. एक शरीराचा हिशेब ठेवतो, तो प्रेत बघून म्हणतो, संपलं. दुसरा माणसाचा हिशेब ठेवतो. हा काय म्हणेल, ह्याला राग येईल का, ह्याचं आपण काय देणं लागतो, हे सगळं त्याच्याकडं. ह्या दुसऱ्याला मेल्याची खबर पोचतच नाही. बेरिंग आणि बिऑर्कलंड ह्या दोघांनी २००४ला प्रसिद्ध केलेला प्रयोग आहे. लहान पोरांना बाहुल्यांचा खेळ दाखवला, त्यात मगर उंदराला खाते. मग विचारलं, आता उंदराला भूक लागेल का? त्याचा मेंदू चालतो का? बरीच पोरं म्हणाली, नाही. आणि त्याला आपली आई आवडते का? ह्याला मात्र पोरं हो म्हणाली. माझी आई बाबांच्या फोटोला अजून सांगते, पोराचा पगार झाला. हार तिनं कधीच घातला नाही, दिवाही लावत नाही, आमच्या घरात ते चालत नाही हे तिला माहीत आहे. पण सांगते.

आणखी एक बॉयरचं म्हणणं मला फार आवडलं. ज्या कल्पना टिकतात त्या फार विचित्र नसतात. एखादीच गोष्ट उलटी, बाकी सगळं नेहमीचं. आपल्या गावच्या म्हसोबाचं बघा. दगड दगडासारखाच, जड, पावसात भिजणारा. फक्त त्याला राग येतो. राग माणसाला येतो तसाच येतो, कारण लागतं, आणि कोंबडं दिलं की उतरतो. दगड बुधवारी नसतो आणि गुरुवारी असतो अशी कल्पना कुणी लक्षात ठेवणार नाही. रागावणारा दगड मात्र शंभर पिढ्या टिकतो.

बॉयर कॅमेरूनमध्ये फांग लोकांत राहिला होता. त्या लोकांत अशी समजूत की चेटक्याच्या पोटात एक जास्तीचा अवयव असतो, तो रात्री उडून जातो आणि दुसऱ्याच्या पिकाची, रक्ताची नासाडी करतो. केंब्रिजच्या एका कॉलेजात जेवणाच्या टेबलावर बॉयर हे सांगत होता, तर एक नामांकित कॅथलिक धर्मपंडित म्हणाला की हेच तर तुमच्या विषयाचं अवघड काम, लोक असल्या खुळचटपणावर विश्वास कसा ठेवतात हे समजावणं. हा बोलणारा स्वतः कुमारीच्या पोटी देव जन्मला हे मानणारा! दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, म्हणतात ते हेच. बॉयरला वेळेवर उत्तर सुचलं नाही, पण त्यानं पुस्तक लिहिलं. मला माणूस तिथंच आवडला. 'रानटी' लोकांना आणि पंडिताला तो एकच मापानं मोजतो. आपल्या विद्यापीठातल्या बऱ्याच जणांना हे अजून जमलेलं नाही. आदिवासींची ती अंधश्रद्धा आणि ह्यांची ती संस्कृती.

ह्यानं आपल्या पहिल्या मित्राचं अर्धं म्हणणं पडतं, हे मान्य केलं पाहिजे. २०१६ला पीपल्स, डूडा आणि मार्लो ह्या तिघांनी ३३ शिकारी-कंदमुळं गोळा करणाऱ्या समाजांचा अभ्यास छापला. त्यात सगळ्यात जुनं निघालं ते झाडात, जनावरात, डोंगरात जीव आहे असं मानणं. मेल्यानंतरचं जगणं त्याच्या मागून. माणसाच्या कारभारात ढवळाढवळ करणारा कर्ता देव त्या आदिम समाजात नव्हता असाच त्यांचा निष्कर्ष आहे. म्हणजे भूत भटाच्या आधीचं आहे. कोरं मन घेऊन कुणी जन्मत नाही आणि ते मन कुणी एकट्यानं फसवलेलं नाही. आपण भाषणात ठोकून देतो की भटांनी देव बनवला, तेव्हा समोरची म्हातारी मनातल्या मनात म्हणते, माझ्या सासूला रानात दिसलं तेव्हा तिथं कुठला भट होता? आणि ती उठून जाते. तिचं बरोबर आहे.

पण माझं बॉयरशी भांडण आता सुरू होतं.

गेल्या वर्षी कार्डिंगला एका बदली पोराची तीन बोटं पट्ट्यात गेली. वीस-एकवीसचा असेल. पट्ट्यावर जाळी नव्हती. ती दुरुस्तीला काढली होती, परत बसवली नव्हती, हे खात्यातला प्रत्येकजण जाणून होता. जाणूनही लोक काय म्हणाले ते ऐका. जाळी नव्हती हे खरं, पण जाळी दोन महिने नव्हती, मग त्याच दिवशी का? त्याचीच बोटं का? अमावस्या होती. तात्या गेल्यापासून खात्याला लागलंच आहे काहीतरी.

इव्हान्स-प्रिचर्ड नावाच्या मानववंशशास्त्रज्ञानं १९३७ला आफ्रिकेतल्या आझांदे लोकांवर लिहिलं, त्यात हेच आहे. धान्याची कणगी खांबांवर उभी असते, वाळवी खांब खाते, कणगी कोसळते, खाली सावलीला बसलेली माणसं चिरडतात. आझांदेला वाळवी ठाऊक नाही असं नाही, चांगली ठाऊक आहे. तो विचारतो, हीच माणसं खाली असताना आणि ह्याच घटकेला का कोसळली? उत्तर, चेटूक. मॅलिनोव्स्कीनं त्याच्या आधी, १९२५ला, ट्रोब्रियांड बेटांवरचं सांगितलं. तिथं आतल्या शांत खाडीत मासे धरताना मंतर-जंतर काही नाही, कारण मासा मिळतोच आणि धोका नाही. उघड्या समुद्रात जायचं तर मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत विधी. जिथं जीव टांगणीला, तिथं जादू. आमच्या गिरणीतही नीट बघा. ऑफिसात एक कॅलेंडर आहे देवाचं, बस्. कार्डिंगला लिंबू, मिरची, काळी बाहुली, शेंदूर लावलेला दगड, सगळा सरंजाम.

अपघातानंतर तिसऱ्या दिवशी शांती झाली. वर्गणी निघाली, पण खरा खर्च व्यवस्थापनानं दिला, आणि तो किती झटपट! फुलं, हळदी-कुंकू, पाच नारळ, दोन ब्राह्मण, सगळ्यांना पेढे. मोठे साहेब अनवाणी उभे राहिले. माणसं गहिवरली की साहेब आपल्यात येऊन उभे राहिले. आता १९४८च्या कारखाना कायद्यातच, एकविसाव्या कलमात, लिहिलं होतं की यंत्राच्या धोक्याच्या भागावर आडोसा पाहिजे. म्हणजे जाळी हे काही माझं डोकं नव्हे. ती मागायला मी आणि दुसरा एकजण गेलो तर जॉबर म्हणाला, आत्ता शांती झालीय, आत्ता कशाला अपशकुनी बोलता?

बॉयरच्या पुस्तकात ह्या दृश्याचा पहिला भाग पूर्ण आहे. लोकांनी 'कुणी केलं' असं का विचारलं, तात्या का आठवले, सगळं त्यात बसतं. पण प्रश्न 'कुणी केलं' असा होता. त्याचं एक खरं उत्तरही होतं, त्या उत्तराला नाव होतं, पगार होता, केबिन होती. घंटा बरोबर वाजली होती. ती भुताकडं कुणी वळवली? नारळाचे पैसे कुणी दिले? हा भाग उत्क्रांतीच्या पुस्तकात नाही.

आणि इथं मी स्वतःलाही सोडत नाही. त्या अपघातावर मी कविता केली होती, ती ह्याच अंकात येणार होती. तिच्यात मशीन राक्षसीण आहे, ती बोटं चावून खाते, तिचे दात रक्तानं लाल. संपादकाला फार आवडली. कवी लोकांचा धंदाच ह्या घंटेवर चालतो, निर्जीवात जीव बघायचा. पण पुस्तक वाचताना मला घाम फुटला. कॅरडिंगला शेंदूर फासणाऱ्या जॉबरनं आणि मी, दोघांनी एकच केलं होतं. त्यानंही मशीनमध्ये कुणीतरी बसवला आणि मीही बसवली. दोघांच्याही कवितेत जाळी नव्हती. आपल्याकडं हल्ली काळोख, नियती, शहर नावाची डाकीण, गिरणी नावाची रांड अशा ओळींचं पीक आलंय. विद्रोही म्हणून त्यावर टाळ्या पडतात. त्या ओळी कुणाला सोडवतात ते एकदा तपासून बघा. माझी कविता मी परत घेतली.

बॉयर पुरोहितांविषयी बोलत नाही असं नाही. आठव्या प्रकरणात तो लिहितो, लिहिता-वाचता येणाऱ्या पुरोहितांचे संघ होतात, ते आपली सेवा सगळीकडं एकसारखी करतात, बाजारातल्या छापाच्या मालासारखी, आणि सत्तेशी सूत जमवतात. ठीक. पण त्याच्या नजरेसमोर दुकानदार आणि गिऱ्हाईक आहे. आमच्या बाबतीत गिऱ्हाईकाला दुकानात शिरायची बंदी होती आणि बिल मात्र पिढ्यानपिढ्या आमच्याच नावावर. ह्याला बाजार कसा म्हणायचं?

ह्या जागी बॉयरपेक्षा दुसराच एक अभ्यास जास्त उपयोगाचा आहे. जोसेफ वॉट्स आणि त्याच्या सोबत्यांचा, २०१६ला 'नेचर'मध्ये आलेला. पॅसिफिक महासागरातल्या आणि आग्नेय आशियातल्या ऑस्ट्रोनेशियन भाषा बोलणाऱ्या ९३ जुन्या समाजांत नरबळी होता की नाही ते त्यांनी तपासलं. ४० समाजांत होता. आता ह्या समाजांची तीन गटांत विभागणी बघा. ज्यांच्यात उच्चनीच जवळजवळ नाही अशा २० पैकी ५ ठिकाणी नरबळी. मधल्या ४६ पैकी १७. ज्यांच्यात पायऱ्या पक्क्या आणि जन्मावर ठरलेल्या, अशा २७ पैकी १८. देणारे कोण, तर सरदार आणि पुजारी. जाणारे कोण, तर गुलाम आणि खालचे. नवी होडी पाण्यात सोडताना तिच्या खाली चिरडलेले. भाषांच्या वंशावळीवरून त्यांनी मागेपुढे काय झालं त्याचा हिशेब मांडला आणि निष्कर्ष काढला की नरबळीनं उच्चनीच टिकवून धरलं, आणि मुख्य म्हणजे समाजाला जन्मजात पायऱ्यांकडं ढकललं.

हे वाचताना मला मुक्ता साळवे आठवली. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मांगाची पोर, तिचा निबंध १८५५ला 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तिनं लिहिलंय की वाड्यांच्या पायात आमच्या माणसांना तेल-शेंदूर पाजून पुरत. 'नेचर'ला जे २०१६ला आकड्यांनी सापडलं, त्याचा एक जबाब ती शाळेतली पोर १६१ वर्षं आधी देऊन बसली होती.

दुसऱ्या मित्राच्या बाजूनं एक मोठा युक्तिवाद आहे, तोही सांगतो. आरा नोरेंझायन ह्याचं २०१३चं पुस्तक म्हणतं की वरून बघणारा, शिक्षा करणारा मोठा देव आला म्हणून अनोळखी माणसं एकमेकांवर विश्वास ठेवू लागली, आणि मोठे समाज उभे राहिले. त्यावर २०१९ला 'नेचर'मध्येच एका मोठ्या गटानं उलट लिहिलं की आधी समाज मोठे झाले, असे देव मागून आले. आणि तो लेख २०२१ला मागं घ्यावा लागला. कारण जिथं माहितीच मिळाली नव्हती तिथं त्यांनी 'देव नव्हता' असं धरलं होतं. म्हणजे भांडण अजून मिटलेलं नाही, त्याचा दाखला देऊन कुणी आपल्यासमोर छाती काढू नये. (माहिती नाही म्हणजे नव्हतंच, हा हिशेब आपल्या इतिहासाच्या बाबतीत किती जणांनी केला! त्यातलं किती मागं घेतलं?) बघणाऱ्या देवाविषयी माझा प्रश्न वेगळाच आहे. तो कुणाकडं बघत होता? पाणवठ्यावर आमचा हात लागतो का इकडं त्याचं बारीक लक्ष. सावकाराच्या वहीकडं पाठ.

आता विटाळ. इथं सगळ्यात सांभाळून चालायला पाहिजे, कारण इथंच उद्या कुणीतरी म्हणेल की अस्पृश्यताही नैसर्गिक आहे. पॉल रोझिननं १९८६ला अमेरिकेत प्रयोग केला. फळांच्या रसात मेलेलं झुरळ बुडवून काढलं. झुरळ पूर्ण निर्जंतुक केलेलं आहे हे सांगून. तरी लोक रस पिईनात. एकदा लागलं की लागलं, ही भावना सडलेल्यापासून, रोगापासून जीव वाचवायला घडलेली, आणि ती सगळ्यांच्यात आहे. माझ्यातही आहे. बॉयर विटाळाचे नियम ह्या भावनेशी जोडतो.

मग माझ्या आजोबांच्या गिरणीत या. मुंबईतल्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात, म्हणजे जिथं पगार जास्त तिथं, महारांना घेत नसत. कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढून काढावा लागे आणि आमची थुंकी चालत नसे. आम्ही रिंगखात्यात. १९२८च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघड मांडला. आता ती जंतूंपासून वाचवणारी भावना इथं काय करत होती? सवर्ण विणकर एकमेकांच्या तोंडचे धोटे दिवसभर चोखत होते. क्षय, खोकला, तंबाखू, सगळं एका धोट्यातनं दुसऱ्याच्या तोंडात. तिथं किळस झोपलेली. आमचा निरोगी पोरगा आला की जागी. रोझिनचं झुरळ अशी माणसं बघून वागत नाही. महाडला १९२७ला चवदार तळ्यावर तेच. गुरंढोरं पाणी पीत होती तोवर तळं शुद्ध. आपण २० मार्चला ओंजळ भरली आणि १०८ घागरी लागल्या, शेण, गोमूत्र, दूध, दही, तूप ओतून शुद्ध करायला. किळस निसर्गाची असेल. यादी कुणी केली, हे निसर्गाला विचारून कळायचं नाही. ती यादी पगाराच्या यादीशी जुळते, तिथं शोधा.

बाबासाहेबांनी १९४८च्या अस्पृश्यांवरच्या ग्रंथाची सुरुवातच ह्या जागी केलीय. जुन्या टोळ्यांमध्ये जन्म, मृत्यू, विटाळशी अशा प्रसंगी विटाळ असे, तो त्या माणसापुरता आणि त्या वेळेपुरता, पाण्यानं किंवा विधीनं जाई. हिंदूंची अस्पृश्यता वंशपरंपरेची आणि कायमची, ती कुठल्याच पाण्यानं जात नाही. हा फरक बॉयरच्या आधी त्रेपन्न वर्षं त्यांनी स्पष्ट दाखवला. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' ह्या १९५७च्या ग्रंथात धर्म कसा बदलत गेला तेही आहे, वीज, पाऊस, पूर ह्यांचा उलगडा न झालेला माणूस, मग जादू, मग प्रार्थना-यज्ञ, मग कर्ता आणि आत्मा. इथं मला एक गोष्ट बोलायची आहे, कुणी रागावू नये. विजेचं कारण ठाऊक नव्हतं म्हणून देव आला, हे त्या काळच्या मानववंशशास्त्राचं म्हणणं होतं. आज ते अपुरं वाटतं. मला डक्टचं कारण कळलं, तरी पुढच्या लाईट गेलेल्या रात्री माझे केस उभे राहिलेच. अज्ञान गेलं, घंटा गेली नाही. बाबासाहेब पुढं जे विचारतात ते मात्र आजही बॉयरकडं नाही. धम्म माणसामाणसातल्या वागण्यासाठी आहे, देवासाठी नाही, मग तुमचा विश्वास माणसाला माणसाशी कसं वागायला लावतो? ह्या कसोटीवर म्हातारीचं रानातलं भूत आणि साहेबांची शांती एका पारड्यात बसत नाहीत. आपण मात्र दोन्हीवर एकच भाषण ठोकतो, आणि बहुतेक वेळा म्हातारीवरच ठोकतो. ती उलट बोलत नाही ना.

२०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आपल्या राज्यात आहे, नरेंद्र दाभोलकरांचा त्यासाठी जीव गेला, त्याच वर्षी २० ऑगस्टला. तो कायदा भोंदूला पकडतो, आणि पकडलंच पाहिजे. जाळीच्या ऐवजी फोडलेला नारळ मात्र त्यात बसत नाही. तो कायदेशीर आहे, पावतीसकट.

त्या पोराला मी मागच्या आठवड्यात भेटून आलो. गावाला असतो, डाव्या हातानं लिहायला शिकतोय. त्याला मी बॉयर, आझांदे, कणगी, सगळं सांगितलं. तो ऐकून म्हणाला, "दादा, अमावस्या होती हे मला पण म्हाइतीय. पण मी दोनदा सांगितलं हुतं जाळी बसवा म्हणून. ते तुमच्या पुस्तकात हाय का?"

जाळी अजून बसलेली नाही. नारळ दर अमावस्येला फुटतो. मी वहीत तारीख आणि नारळाचा भाव लिहून ठेवतोय, आत्तापर्यंत अकरा झाले.